सिंगल, डबल आणि बोजारा

६ जुलै २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून हवी. नंतर लोक विचारतात आणि आपल्याला नेमकं सांगता येत नाही.

काम असं: माझ्या क्रिकेट कार्डांच्या संग्रहाची शास्त्रशुद्ध मांडणी.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. लहानपणी आम्ही जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. च्युइंगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची कार्डं निघायची, मागे रन छापलेले. बाबा फॅक्टरीच्या टाइम ऑफिसमध्ये हजेरी घ्यायचे. ड्युटीवरून येताना शर्टाच्या खिशात माझ्यासाठी पाकीट असायचं. आत कोण आहे हे बघायची त्यांनाही उत्सुकता असायची, पण स्वतः कधी फोडलं नाही. बाबा रिटायर झाल्यावर आम्ही पवनीला, मूळ गावी आलो. कार्डं ज्या बिस्किटाच्या डब्यात आली त्यातच आजवर पडून होती.

आता वेळ आली आहे. भुपेंद्र, जो क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा, नागपुरात दिवाळीला अशा कार्डांचं प्रदर्शन भरवतो आहे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तो खास माझा संग्रह बघायला पवनीला येणार. पसंत पडला तर माझ्या नावाचं स्वतंत्र टेबल. पसंत न पडण्याचा प्रश्नच नाही.

पोळ्यापर्यंत संग्रह तयार. यात बदल नाही.

खेळाडूंची नावं या वहीत लिहायची नाहीत. वही चोरीला गेली तर चोराला यादी आयतीच मिळेल.

८ जुलै, मंगळवार

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मरणाची गर्दी. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, पीक विमा. एका माणसाने सातबारा उलटा धरून झेरॉक्स मागितली आणि उलटी का आली म्हणून माझ्याशी भांडला. तरी मधल्या वेळात कॉम्प्युटरवर एक्सेल शीट उघडली. रकाने: देश, नाव, रन, कोपऱ्यांची अवस्था, सिंगल की डबल, शेरा. (सिंगल म्हणजे एकुलतं एक. डबल म्हणजे जादाचं, अदलाबदलीचं. क्वार्टरमधल्या पोरांची परिभाषा, पण भुपेंद्र म्हणतो प्रदर्शनातही चालते.) रकाने झाले म्हणजे निम्मं काम झालं. वरच्या ओळीला निळा रंग दिला. मग हिरवा. मग परत निळा.

संध्याकाळी बायकोची, रीनाची, तक्रार. मामाजी (म्हणजे बाबा) आज पुन्हा डबा घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसले होते, फॅक्टरीची बस काहून नाही आली म्हणून लोकायले विचारून राहिले होते म्हणे. बाबा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, हे खरं. पण जन्मभर वेळेवर ड्युटी केलेल्या माणसाचे पाय स्टँडकडे वळायचेच. याला शिस्त म्हणतात. रीना म्हणाली, तुमचं लॅमिनेशनचं दुकान होय, मामाजीच्या खिशात ठेवाले एक कार्ड बनवून द्या ना. नाव, पत्ता, तुमचा फोन नंबर.

मी म्हणालो, कार्डं माझ्याकडे भरपूर आहेत. ती हसली नाही.

पवनीत वासुदेवरावांना कोण ओळखत नाही? पत्ता जत्रेत लहान पोरांच्या खिशात ठेवतात. विषय संपला.

१३ जुलै, रविवार

दिवाणावर सगळी कार्डं देशवार लावली. पाकिस्तान खिडकीकडे, ऑस्ट्रेलिया उशीवर. भारत मध्यभागी. तेवढ्यात शेजारचे किराणावाले भैय्याजी आले. हे कायचं दुकान मांडून राहिला बाप्पा, म्हणाले. समजावून सांगितलं. त्यांनी सुपारीच्या ओल्या बोटांनी एक कार्ड उचललं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, यात पवनीचा कोनता?

या गावात संग्राहकाने राहणं कठीण आहे.

१४ जुलै

घातपात. दुकानातून जेवायला आलो तर दिवाणावरचे सगळे देश मोडलेले. तीन सरळ रांगा, त्यांत कोणीही कोणाच्याही शेजारी. भैय्याजींवर संशय. रीनावरही. माझी मुलगी रुचिका सातवीत आहे, तिला क्रिकेटमध्ये रस नाही, म्हणून तिच्यावर कमी.

रुचिकाच म्हणाली, आबाजींनी लावले. बाबांना विचारलं. शांतपणे म्हणाले, ही सकाळ पाळी, ही दुपार पाळी, ही रात पाळी. तो इंग्लंडचा गोरा ओपनर रात पाळीत टाकला होता. का विचारलं तर म्हणाले, त्यानंच मागून घेतली, त्याच्या घरी पाहुणे होय.

मी थक्क झालो. पाळीनुसार वर्गीकरण! भारतात कोणाकडे असेल? रीना पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिला विनोद कळतो, दाखवत नाही.

भुपेंद्रला ही कल्पना माझी म्हणून कळवली. त्याने उलट विचारलं, काका बरे आहेत नं? मी काय विचारतो आणि हा काय विचारतो.

२१ जुलै

पाऊस. वैनगंगा फुगली आहे. दुकानात गिऱ्हाईक नाही, तरी एक्सेलमध्ये काही भरलं गेलं नाही, कारण गिऱ्हाईक नसलं की कामाची सवय मोडते.

वेस्ट इंडिजचा तो उंच फास्ट बोलर सापडत नाही. संग्रहातलं सर्वांत मोलाचं कार्ड, शंभर टक्के सिंगल. सगळं घर उलथंपालथं केलं. बाबांना विचारलं. ते म्हणाले, त्याले सुट्टी मंजूर केली.

२२ जुलै

फास्ट बोलर सापडला. बाबांच्या डब्यात, दोन पोळ्यांच्या मधे. रीनाने दाखवला. मी पुसून घेतला. कोपऱ्यांची अवस्था या रकान्यात काय लिहावं याचा बराच विचार केला. शेवटी 'तूप' लिहिलं. एक्सेलमधली ही माझी पहिली प्रत्यक्ष नोंद. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

२७ जुलै, रविवार

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. सकाळी बाबा माझ्यासमोर उभे राहिले, हात बांधून, आणि म्हणाले, साहेब, आज जरा लवकर जाऊ काय, पोट्ट्याची तब्येत बरी नाही.

या घरात मला साहेब कोणी म्हणत नाही, म्हणून बरं वाटलं आधी. म्हणालो, जा. ते जाऊन आपल्या खाटेवर झोपले.

नंतर मात्र दिवसभर मला कार्डांना हात लावावासा वाटला नाही. कारण उकाडा.

बाबांच्या स्मरणशक्तीबद्दल रीनाचे जे काही गैरसमज आहेत त्यावर माझं उत्तर इथे लिहून ठेवतो. बाबांना फॅक्टरीतल्या अर्ध्या लोकांचे हजेरीचे टोकन नंबर अजून पाठ आहेत. आमच्या घराण्याची स्मरणशक्ती दांडगी आहे. मला ती त्यांच्याकडूनच आली. (चष्मा दुकानात राहिला. उद्या आणणे.)

३ ऑगस्ट, रविवार

वाईट दिवस. थोडक्यात लिहितो.

बाबा सकाळी डबा घेऊन निघाले आणि खरोखरच भंडाऱ्याच्या एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं तर म्हणे क्वार्टरचा नंबर सांगितला. वाटेत अड्याळला त्यांना उतरवलं. तिथे एका चहाच्या टपरीवर बसून राहिले. कुठले, कोणाचे, कोणालाच कळेना. नशिबाने डबा होता तो माझ्या दुकानाच्या पिशवीत. 'सूरज झेरॉक्स अँड लॅमिनेशन, पवनी', खाली मोबाइल नंबर. टपरीवाल्या बाईने फोन केला. म्हणाली, लवकर या भाऊ, आजोबा रडून राहिले.

मी गाडीवरून गेलो तेव्हा रडत नव्हते. मला बघून उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, बस लेट आहे.

पिशवी छापायला टाकली तेव्हा रीना म्हणाली होती कायले पाहिजे. जाहिरातीचा उपयोग होतो, हे आज सिद्ध झालं. तिला तसं सांगितलं. ती भांडी घासत होती, तशीच थांबली आणि म्हणाली, पिशवीनं वाचवलं तुमच्या बापाले. तुमी नाही.

नागपूरच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणते. मेंदूच्या. मी म्हणालो, पोळा होऊ दे. ती म्हणाली, तुमचा पोळा कधी होनच नाही.

मला खूप राग आला. कोणाचा, ते नीट कळलं नाही.

४ ऑगस्ट

संकल्प. (१) रोज निदान काही कार्डं एक्सेलमध्ये. (२) बाबांच्या खिशातल्या त्या कार्डाचं बघू. (३) रीनाशी शांतपणे बोलणे.

संध्याकाळी: पहिलं राहिलं. दुसऱ्याला पासपोर्ट फोटो लागतो. तिसरं केलं, ती बोलली नाही, त्यामुळे शांतता झाली.

१० ऑगस्ट, रविवार

मोठा निर्णय. संग्रह कायमचा टिकवायचा असेल तर लॅमिनेशन. आधार कार्ड टिकतं, मार्कशीट टिकते, मग क्रिकेटपटू का नाही? मशीन घरचंच. श्रीलंकेच्या जाड्या ओपनरवर प्रयोग केला. मशीन जरा जास्त तापलं होतं. आत हवा राहिली, चेहऱ्यावर फुगा आला, बॅट वितळून पॅडला चिकटली.

प्रयोग यशस्वी, कार्ड अयशस्वी.

भुपेंद्रला फोटो पाठवला. लगेच फोन आला. अरे येड्या, म्हणाला, लॅमिनेशन केलेलं कार्ड मेलेलं असते, पुन्हा कोन्या कार्डाले मशीन लावशील तर मी येत नाही. मी म्हणालो प्रिंटरचा दोष होता. प्रिंटरचा यात संबंध नव्हता, पण त्याला काय कळतं.

बाबांना ते फुगलेलं कार्ड आवडलं. दिवसभर अंगठ्याने फुगा दाबत बसले होते. म्हणाले, हा बिचारा आजारी होय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेच्या मैदानावर झेंडावंदन. बाबा ताठ उभे राहिले, कडक सलाम केला, राष्ट्रगीत शेवटपर्यंत म्हटलं. रुचिकाला भाषणात बक्षीस मिळालं तर तिला नावाने हाक मारून जवळ घेतलं. हे सगळं मी रीनाला मुद्दाम दाखवलं. ती म्हणाली, हव, आज चांगले आहे. मी म्हणालो, आज नाही, चांगलेच आहेत. मला फार आनंद झाला. घरी येताना जिलबी घेतली.

आनंदाच्या भरात एक्सेल उघडली. फाइल सापडली नाही. कुठे सेव्ह केली ते आठवेना. कॉम्प्युटर जुना आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

पोळा शुक्रवारी, शनिवारी तान्हा पोळा. बाजारात लाकडी नंदी मांडले आहेत. रुचिकाचा नंदी जुनाच, मी रंगवून देणार आहे. शिंगांना सोनेरी, पाठीवर निळी झूल.

एक्सेलचा मार्ग सोडला. यंत्रावर विसंबून राहणं चूकच होतं. आता फक्त दोन डबे. डबल कार्डं प्लास्टिकच्या डब्यात. सिंगल, म्हणजे खरा संग्रह, जुन्या बिस्किटाच्या डब्यात. यातलं एकही गेलं तर पुन्हा मिळणार नाही.

प्रश्न सुरक्षिततेचा. बाबा पाळ्या लावतात, भैय्याजी सुपारी लावतात, रीना आवरते. कुलूप लावलं तर सगळ्यांना कळतं आत काही आहे. त्यावर मला जी युक्ती सुचली ती सुचायला डोकं लागतं. डब्यावर मार्करने ठळक लिहिलं: बोजारा.

तान्ह्या पोळ्याला पोरं नंदी घेऊन दारोदार येतात, त्यांना द्यायचा खाऊ म्हणजे बोजारा. तो त्या दिवसाआधी कोणी उघडत नाही. घरोघरचा नियम आहे. तोवर डबा फडताळात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राहील आणि कोणी हात लावणार नाही. शनिवारी सकाळी मी तो काढून घेणार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

गावात बैलांची मिरवणूक. बाबांना खुर्ची टाकून दारात बसवलं. खूष होते. एका बैलाला त्यांनी टोकन नंबर विचारला. सगळे हसले, मीही हसलो, मग माझं हसणं मधेच थांबलं.

रुचिकाच्या नंदीची शिंगं रंगवायची राहिली. ती म्हणाली असू द्या बाबा, आईनं रंगवले.

भुपेंद्र उद्या सकाळच्या एसटीने येतो. सगळं तयार आहे. सकाळी उठल्याबरोबर डबा हलवायचा. हे लिहून ठेवायची खरं तर गरज नाही, लक्षात राहतंच माझ्या.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

सकाळी: घाईत. स्टँडवर जातो भुपेंद्रला आणायला.

संध्याकाळी: लिहायला हवं म्हणून लिहितो.

एसटी उशिरा आली. भुपेंद्रला गाडीवर मागे बसवून गल्लीत शिरलो तर समोरून पोरांचा घोळका, प्रत्येकाच्या हातात नंदी. एका नंदीच्या शिंगात न्यूझीलंडचा कॅप्टन खोचलेला. दुसऱ्याच्या पाठीवर झुलीऐवजी आमचा विकेटकीपर. भुपेंद्र मागून म्हणाला, सूरज, हे तुयेच कार्ड होय नं?

गाडी तिथेच सोडून पोरांच्या मागे पळालो. दे म्हणालो, तर एक पोट्टी म्हणाली, आबाजीनं देल्लं, आता आमचं होय. दुसऱ्याने विचारलं, याच्या बदल्यात चॉकलेट देता काय? चॉकलेट आणायला भैय्याजींच्या दुकानात धावलो, परत आलो तर पोरं पुढच्या आळीत गेलेली. नाल्याजवळ काही कार्डं चिखलात पडली होती. पोरांना हे लोक कोण ते माहीत नाही, त्यांची चूक नाही. चार-दोन उचलली. तुपाचा डाग असलेला उंच बोलर त्यात नव्हता.

धापा टाकत घरी आलो. रीना दारात उभी, रडवेली. चॉकलेटची पिशवी तिने वेगळी आणून ठेवली होती म्हणाली. पण बाबांनी फडताळातला डबा पाहिला, वरचं नाव वाचलं, आणि बोजारा आपणच देणार म्हणून खुर्ची घेऊन दारात बसले. ती पुरण वाटत होती. इतक्या दिवसांनी मामाजी हसून राहिले म्हणून मी गेलीच नाही पाहाले, म्हणाली.

बाबांना वाचता येतं, हे मीच सगळ्यांना सांगत असतो.

डबा त्यांच्या मांडीवर होता. धोतर-सदरा धुतलेला, कपाळाला टिळा. मी पुढे होऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप प्रेमाने पाहिलं. मग म्हणाले, तुया नंदी कुठं आहे बाबू? कोनाचा होय तू?

मी म्हणालो, वासुदेवरावांचा.

वासुदेवराव टाइम ऑफिसवाले काय, म्हणाले. चांगला मानूस होय तो, हजेरीत पक्का. मग डब्यात हात घालून तळाचं शेवटचं कार्ड काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. घे. रडू नको. नंदी पुढल्या वर्षी आनजो.

श्रीलंकेचा जाड्या ओपनर. फुगलेला.

भुपेंद्रने प्रदर्शनाचा विषय काढला नाही. जेवून, बाबांच्या पायाजवळ बराच वेळ बसून गेला. जाताना मला म्हणाला, बाकी कार्ड जाऊ दे, भाऊ.

२४ ऑगस्ट

काही नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

रीनाने नागपूरच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, गुरुवारची. मी नेणार. ती म्हणाली मी पण येईन. बरं म्हणालो.

सकाळी दुकान उघडून एक कार्ड तयार केलं. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी काढलेला बाबांचा फोटो कॉम्प्युटरमध्ये सापडला. शोधताना ती एक्सेल शीटही सापडली, त्याच फोल्डरमध्ये होती. उघडली नाही. कार्डावर पुढे नाव, पत्ता. मागे माझा नंबर, आणि मोठ्या अक्षरात 'मुलगा: सूरज'. वाचता येतं त्यांना अजून. मशीन नीट तापू दिलं, घाई केली नाही. कुठेही हवा राहिली नाही. इतकं चांगलं लॅमिनेशन माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

घरी नेऊन दिलं. बाबांनी फोटो निरखून पाहिला, म्हणाले, ओळखीचा दिसते. मग उलटवून मागची बाजू पाहिली. रन नाही लिहिले याच्या मागं, म्हणाले. मी म्हणालो, छापायचे राहिले.

असू दे, म्हणाले. आमच्या सूरजले कार्डाचा लय नाद आहे. हे त्याच्याजवळ नसन. आला की त्याले देतो.

मी म्हणालो, नाही, हे त्याच्याजवळ नाही.

त्यांनी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं. मला विचारलं, सूरज कधी येते शाळेतून? येईलच आता, म्हणालो. मग आम्ही दोघं दारात त्याची वाट बघत बसलो. दुपारी दुकान उघडलं नाही.